मशीनच्या पायाखालची घडी

थोरली भावाच्या घरी पोचली तेव्हा आई थरथरीवर उभी होती, आणि हसत होती.

थरथरी हे त्या मशीनचं घरात पडलेलं नाव. खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते फक्त फिजिओबाईंच्या तोंडी यायचं. दिसायला मशीन साधं. पायाशी वजनकाट्यासारखा चौकोनी पत्रा, त्यावर घसरू नये म्हणून बारीक रेघांचं रबर, समोर धरायला दांडा. बटण दाबलं की पत्रा इतका भराभर थरथरतो की डोळ्यांना हलताना दिसतच नाही. हलताना दिसतात त्या वर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटऱ्या आणि गाल. पक्षाघातानं आईची उजवी बाजू लुळी पडली होती. वाचाही गेली होती, 'नको', 'ते' आणि 'हं' एवढीच काय ती शिल्लक होती. 'गाढ झोपलेल्या माणसाला आपण हलवून उठवतो की नाही, तसंच पायाला उठवायचं,' असं फिजिओबाईंनी समजावलं होतं. पत्र्यावर थोडा वेळ उभं राहायचं, उतरायचं, आणि पाय जागा आहे तोवर त्याच्याकडून चालण्याचं काम करून घ्यायचं.

आईच्या मागे धाकटी, म्हणजे भावाची बायको, उभी होती. आईच्या कमरेच्या पट्ट्यात तिनं दोन्ही हात अडकवले होते.

"गुडघे सैल, आई. कुलूप घालायचं नाही. दात वाजतील. कवळी खिळखिळी झाली तर नवी आणायला तुमचे चिरंजीव आज-उद्या करत वर्ष काढतील."

आई हसली. पत्र्याच्या थरथरीनं हसण्याचे बारीक बारीक तुकडे पडले, आणि ते ऐकून दोघींना आणखी हसू आलं.

मशीन थांबलं. धाकटीनं आईला खाली उतरवलं, पट्टा सोडला नाही. आईनं डावा पाय टाकला. मग उजवा. एरवी फरशीवरून झाडूसारखा फरफटत येणारा तो पाय आज बोटांसकट वर उचलला गेला आणि पुढे पडला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. थोरली उंबऱ्यातच खिळून राहिली, हातात फळांची पिशवी तशीच.

"बघा ताई, बघा. काल टेबलापर्यंत गेल्या होत्या. आज दाराकडे निघाल्यात. उद्या पळून गेल्या तर मला विचारू नका."

"छान," थोरली म्हणाली. सुकलेल्या लिंबातून शेवटचा थेंब काढावा तसा तो शब्द निघाला.

आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण आनंदाच्या आधी पोटात दुखून गेलं, आणि कळ आधी आली हे तिचं तिलाच कळलं. कारण आदल्या पंधरवड्यात आई तिच्या घरी होती. तीच आई, तसंच मशीन, तोच व्यायाम. आणि तिथं पाय ढिम्म हलला नव्हता.

थोरली हे नावही तिला उशिरा मिळालेलं. पस्तिशीपर्यंत ती आईची नुसती 'पोरी' होती. भावाचं लग्न झालं, नव्या सुनेला हाक काय मारायची असा प्रश्न आला, आणि आई सहज म्हणाली, "धाकटी." आता धाकटी म्हटल्यावर कुणीतरी थोरली हवीच. अशी तिला न मागता बढती मिळाली. बढती देऊन खुर्ची काढून घ्यावी तसं तिला त्या दिवशी वाटलं होतं. ते ती कधी कुणाजवळ बोलली नाही.

आई शिवणकाम करायची. नवरा लवकर गेला, दोन मुलं पदरात, तेव्हा पायमशीनवर शर्ट, फ्रॉक, शाळेचे गणवेश शिवून तिनं संसार ओढला. थोरलीच्या हाताला मात्र सुई कधी वळली नाही. तिनं लावलेलं बटण दुसऱ्या दिवशी बोळातून शोधून आणावं लागे. ती वाचायची. वाचत वाचत शाळेत भाषा शिकवायला लागली, लग्नाबिग्नाच्या फंदात न पडता स्वतःचं घर घेतलं, ते पुस्तकांनी भरलं. धाकटी आली ती पहिल्याच वर्षी सासूशेजारी दुसऱ्या मशीनवर बसली. मग दोघींची बोलणी सुरू झाली. कॉलर, काजं, बगलेतला ताण, कुणाच्या खांद्याला उतार आहे नि कुणाच्या नवऱ्याच्या पोटाला. थोरली रविवारी जायची, चहा प्यायची, त्या बोलण्याच्या कडेनं बसायची. आत शिरायला दार सापडायचं नाही.

म्हणून आजारपणानंतर आई कुणाकडे राहणार हा प्रश्न आला तेव्हा थोरलीनं हट्ट धरला. शाळेतून लांब रजा काढली. न्हाणीघरात कठडे बसवले. भावानं भाड्यानं थरथरी आणली म्हटल्यावर तिनंही आणली, आणि भावाच्यापेक्षा वरचढ आणली. दोन्ही बाजूंना उंच कठडे, मागे कमरेला आधाराचा पट्टा, समोर पडदा.

पाण्याचे पंप दुरुस्त करणारा तिचा भाऊ मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ताई, तुझी थरथरी आमच्या थरथरीपेक्षा श्रीमंत घरातली दिसते."

"आईसाठी आहे."

"मग आमची काय शेजाऱ्यांसाठी आहे?"

शेवटी फिजिओबाईंनी तोडगा काढला. आळीपाळीनं पंधरवडा इकडे, पंधरवडा तिकडे. "जिथं पाय लवकर उठेल तिथं त्यांनी राहावं. तुमच्यातलं मानापमानाचं मला काही कळत नाही, मला पाय कळतो." पुढच्या तपासणीला निकाल लागायचा होता. तोवर एकच फेरी उरली होती, आणि ती थोरलीच्या घरची होती.

दुसऱ्या दिवशी आई आली. थोरलीनं सगळं पुन्हा पहिल्यासारखं नेमानं सुरू केलं. सकाळी खिडकीतून ऊन आत आलं की आईला मशीनवर उभं करायची. पायातले मोजे काढायची, कारण पाय उघडे हवेत असं फिजिओबाईंनी बजावलं होतं. मागचा पट्टा लावायची, आईचा डावा हात कठड्यावर, उजवा हात त्याच्याशेजारी मऊ पट्टीनं बांधलेला. मशीन इतकं चांगलं की आईला धरावंही लागत नव्हतं. मग ती शेजारी स्टुलावर बसायची आणि पुस्तक उघडायची. आजारी माणसाशी सतत बोलत राहा, गेलेली वाचा परत यायला मदत होते, असं बाई म्हणाल्या होत्या. पण सतत बोलायचं काय? धाकटीसारखं तोंडाला येईल ते बोलणं तिला जमत नव्हतं. म्हणून ती वाचून दाखवायची. एक जाडजूड कादंबरी तिनं मुद्दाम त्यासाठी काढून ठेवली होती.

आणि पुस्तक उघडलं रे उघडलं की आई म्हणायची, "ते."

पहिल्या फेरीत, अगदी पहिल्या दिवशीच, हे झालं होतं. आईनं कठड्यावरचा डावा हात उचलला, तळवा सपाट धरला, हवेत एक घडी घातली, मग दुसरी, आणि खाली थोपटून दाखवलं. थोरली उशी घेऊन आली. नको. रुमाल आणला. नको. शेवटी जाड चादर चौपदरी करून आणली तेव्हा आईनं पायाकडे बोट केलं. रबराच्या रेघा टोचत असणार, थोरलीनं ओळखलं. पत्र्यावर चादरीची घडी अंथरली, आईला वर उभं केलं, बटण दाबलं. आई "हं" म्हणाली आणि पुस्तकाकडे बघू लागली, म्हणजे आता वाच.

तेव्हापासून रोज घडी. फिजिओबाई यायच्या त्या दिवशी पुस्तक कपाटात असे आणि चादर पलंगावर असे. थोरलीचं घर पाहुण्यांपुढे नेहमीच आवरलेलं. बाई पाय तपासायच्या, तळव्याला बोट लावून वर उचलायला सांगायच्या, पाऊल लोंबतंच. "काय हो आजी, इथं आलात की झोपतो हा? हवा मानवते वाटतं." त्या हसायच्या. थोरलीला ते हसू दिवसभर बोचत राहायचं. इथं झोपतो, तिथं उठतो. आईला इथं यायचंच नाही, हे पायानं सांगितलं होतं. तोंडानं सांगायची सोय नव्हती म्हणून.

दुसऱ्या फेरीतल्या एका सकाळी दाराची बेल वाजली. धाकटी. आईच्या झग्यांना पुढून बटणं लावून आणली होती, म्हणजे एका हातानं घालता येतील. थोरलीनं दार उघडलं आणि पुन्हा येऊन स्टुलावर बसली. मशीन चालू होतं.

धाकटी पाहत राहिली. "अगंबाई. थरथरीला गादी?"

"आईला लागते." थोरलीनं पुस्तकात बोट घालून ठेवलं. "रोज स्वतः मागते."

"माझ्याकडे नाही कधी मागितली."

"तुझ्याकडे नसेल मागत."

हे वाक्य तिनं शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असं काही निघालं होतं, जे आई इथं मागत होती आणि तिथं मागत नव्हती. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मागतात म्हणजे कसं?"

"हातानं घडी घालून दाखवते. एक, मग दुसरी. मी लगेच ओळखलं."

लगेच नव्हतं ओळखलं, पण ते सांगायची गरज नव्हती. धाकटीचा चेहरा उतरला. "मला तर खुणेनं पाणीसुद्धा मागत नाहीत. मीच आपली अंदाजानं भांडं पुढे करते." झगे पलंगावर ठेवून ती जवळ आली. "आणि बरं वाटतं का त्यांना त्यावर?"

"उभी राहून बघ."

"नको बाई. तुमचं श्रीमंताघरचं मशीन, माझ्या वजनानं बसायचं मटकन खाली."

मशीन थांबलं होतं. थोरलीनं आईला खुर्चीत बसवलं, आणि दाखवायचंच म्हणून स्वतः चपला काढून घडीवर उभी राहिली. बटण दाबलं. पायाखाली काहीतरी लांबवर चालल्यासारखं वाटलं, शेजारच्या खोलीत ठेवलेला फोन वाजावा तसं. घोट्याच्या वर काहीच नाही. ती थांबली. वाढेल, असं वाटून आणखी थोडं थांबली.

"घडी ओढ," ती म्हणाली.

"काय?"

"घडी ओढून काढ खालून."

तिनं एकेक पाय उचलला, धाकटीनं चादर ओढली, आणि उघड्या पत्र्यानं थोरलीचे तळवे धरले. पोटऱ्या, गुडघे, माकडहाड, दात. डोळ्यांपुढची खिडकी हलू लागली. तिनं चाचपडत बटण बंद केलं.

चादर धाकटीच्या हातात लोंबत होती. दोघीही तिच्याकडे बघत राहिल्या.

"पाय उघडेच होते," थोरली शेवटी म्हणाली.

धाकटी हसली असती तर बरं झालं असतं. तिच्यासारख्या तोंडाळ बाईला हा महिनाभर पुरणारा खाऊ होता. पण ती म्हणाली, "जाऊ द्या ताई. टोचत असेल असंच कुणालाही वाटलं असतं." आणि मग तिला जे खटकत होतं तेच विचारलं, "पण मग माझ्याकडे का नाही टोचत?"

खुर्चीतून आई म्हणाली, "ते." डावा हात उठला. एक घडी, दुसरी घडी. डोळे मात्र चादरीवर नव्हते. ते थोरलीच्या हातावर होते, आणि हातात पुस्तक होतं.

थोरलीनं पुस्तक कपाटात ठेवून दार लावलं. आईचा हात मांडीवर पडला. तिनं दार उघडून पुस्तक पुन्हा काढलं. हात उठला. एक घडी, दुसरी घडी.

तिला आठवलं ते काही विसरलेलं नव्हतं. नुसतं कधी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं, एवढंच. लहानपणी घर एका खोलीचं, भाऊ पसरलेला, कापडांचे ढीग. वाचायला जागा एकच, आईच्या मशीनखाली. पायपट्टीच्या बाजूला, टेबलाच्या पायाला पाठ टेकून ती बसायची. वर मशीन चालायचं आणि तिच्या पाठीतून, हातातून, पानातून ती थरथर जायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "आई गं, अक्षरं हलतात." आईला कामाची घाई होती, तरी उठली, जाड कापडाचा तुकडा घेतला, चौपदरी केला, चारी बाजूंनी शिवला आणि मशीनच्या पायाखाली सरकवला. "वाच आता," म्हणाली.

थोरलीनं हे धाकटीला सांगितलं. दोन-तीन वाक्यांत, वर्गात उत्तर द्यावं तसं.

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. "ती घडी तुमच्यासाठी होती?"

"हो."

"मशीनच्या पायाखालची, ती तेलानं काळी झालेली? मला वाटायचं फरशी वाकडी आहे." थोडा वेळ ती झग्याचं बटण लावत-काढत राहिली. "माझं मशीन किती हलायचं माहितेय का? पहिल्या वर्षी संध्याकाळी पायाला मुंग्या यायच्या. मी म्हटलं, आई, मलाही द्या ना एक घडी तुमच्यासारखी. काय म्हणाल्या असतील?"

"काय?"

"सवय होईल."

खुर्चीतली आई दोघींकडे आलटून पालटून पाहत होती.

"आणि मी गावभर सांगत फिरतेय, सासू माझ्यावर जीव टाकते म्हणून," धाकटी म्हणाली. थट्टेनंच म्हणाली, पण जबडा घट्ट होता. "अहो वन्सं, तुमच्यासाठी घडी, मला सवय. चांगलंय."

इतकी वर्षं जो किडा आपल्याला आतून पोखरत होता, तोच धाकटीच्या चेहऱ्यावर फिरताना थोरलीनं पाहिला. तिची कीव यायला हवी होती. खोटं कशाला बोला, थोरलीला बरं वाटलं. धाकटी गेल्यावरही बराच वेळ बरं वाटत राहिलं.

मग तिनं चादर माळ्यावर टाकली आणि पुस्तक मिटलं. आईला उघड्या पत्र्यावर उभं केलं, मागे उभी राहून धाकटीसारखा पट्टा धरला. आईचा पाय खरोखरच जागा व्हायला लागला. आधी पोटरीतली गाठ सैल झाली. मग एका सकाळी अंगठा वर आला. फरफट कमी झाली. म्हणजे घरात खोट नव्हती, हवेत नव्हती, मुलीतही नव्हती. निकालाच्या दिवशी आता थोरलीची बाजू पडती राहणार नव्हती.

फक्त आई तिच्या रिकाम्या हातांकडे बघत राहायची. पत्र्यावरून उतरली की मान वळवून कपाटाकडे बघायची. "ते," म्हणायची. थोरली बोलायचा प्रयत्न करी. शाळेतल्या गमती सांगे, त्या सांगताना आपणच वर्गावर तास घेतोय असं तिला वाटे, आणि आईही शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐके. दोघींना पुस्तकाशिवाय एकमेकींजवळ बसायची सवयच नव्हती. एक शिवणार, दुसरी तिच्या पायाशी वाचणार, हेच त्यांचं बोलणं होतं, आणि ते उभ्या जन्मात कधी कमी पडलं नव्हतं.

एका दुपारी आईचा डोळा लागला आहे असं पाहून थोरलीनं कादंबरी काढली, खिडकीशी चार पानं वाचली. दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेली, पुस्तक स्टुलावर उपडं ठेवून. काहीतरी घसरल्याचा आवाज आला.

आई खुर्चीत नव्हती. थरथरीच्या कठड्याला खांदा टेकून ती फरशीवर घसरली होती, उजवा पाय दुमडून खाली गेलेला. डाव्या मुठीत पलंगावरचा एक झगा होता, बोळा केलेला. एका हातानं घडी जमली नव्हती. तो बोळा ती मशीनच्या पायाखाली ढकलत होती. मशीन बंद होतं.

थोरलीनं तिला काखेत धरून उचललं, खुर्चीत बसवलं, हात-पाय चाचपून पाहिले. काही मोडलं नव्हतं. आईनं स्टुलावरच्या पुस्तकाकडे मान हलवली आणि समाधानानं म्हणाली, "हं."

तपासणीच्या दिवशी सगळे जमले. फिजिओबाईंनी तळव्याला बोट लावलं. पाऊल उचललं गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा उचललं.

"अरे वा. इथंही उठला की. मग आता पंचाईत झाली. दोन्ही घरं सारखीच."

भावानं थोरलीकडे पाहिलं. धाकटीनं पाहिलं नाही, ती आईचे केस सारखे करत बसली. थोरलीनं 'माझ्याकडे' म्हटलं असतं तर कुणी अडवणार नव्हतं. रजा शिल्लक होती, कठडे बसवलेले होते, मशीन काकणभर सरस होतं.

"तुमच्याकडेच राहू दे तिला," ती म्हणाली.

"अगं, इतकं भांडून मागत होतीस ना?" भाऊ म्हणाला.

"माझ्याकडे आली की ती आई होते. तुमच्याकडे पेशंट होऊन राहते. सध्या तिला पेशंट होण्याचीच गरज आहे."

फिजिओबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांना पाय कळत होता, त्यांनी मान डोलावली. धाकटीला कळलं. हवं ते पदरात पडूनही तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं. आईची पिशवी भरताना ती हळूच म्हणाली, "देता ते पण असं देता वन्सं, की घेणाऱ्याला काटा बोचावा."

"तुला नको असेल तर सांग."

"नको कुणी म्हटलंय?" आणि तिनं पिशवीची चेन ओढली.

पुढचे महिने चांगले गेले. आई काठी घेऊन चालू लागली. धाकटीनं आईच्या घरातली दोन्ही शिवणमशीनं आपल्या घरी आणून शेजारी शेजारी लावली, आणि एके दिवशी आई स्वतःच्या मशीनपाशी जाऊन बसली, उजवा पाय पायपट्टीवर ठेवून तिनं ती दोन-तीनदा दाबली. दोरा नव्हता, कापड नव्हतं, नुसतं चाक फिरलं. थोरली संध्याकाळी जायची, पुस्तक न घेता जायची. पुढच्या थंडीत दुसरा झटका आला. त्यातून आई उठली नाही.

आवराआवर झाली. आईची भांडी, लुगडी, चष्मा. शिवणमशीन धाकटीकडेच राहणार यात वाद नव्हता. थोरली निघाली तेव्हा धाकटी मशीनपाशी वाकली, टेबल एका हातानं उचलून धरलं आणि पायाखालून ती घडी काढली. काळी, कडक, तेलाचा वास येणारी, चारी बाजूंनी बारीक टिपेची.

"हे तुमचं."

असू दे, राहू दे, असलं थोरली काही म्हणाली नाही. लगेच घेतली, पिशवीत टाकली.

घरी आल्यावर घडी कुठं ठेवावी हे तिला सुचेना. थरथरी कधीच परत गेली होती. टेबलं भक्कम होती, कपाटं भिंतीला ठोकलेली होती, फरशी सपाट. घरभर फिरून तिनं पाहिलं. हलणारं असं त्या घरात काही नव्हतंच.

एका रविवारी ती भावाकडे गेली. भाऊ कामावर होता. धाकटी शाळेच्या गणवेशांवर बसली होती, तिच्या जुन्या मशीनवर. त्याच्या शेजारी आईचं मशीन, झाकण घातलेलं. थोरलीनं खुर्ची घेतली नाही. गुडघे कटकन वाजवत ती खाली बसली, धाकटीच्या टेबलाच्या पायाला पाठ टेकली आणि पुस्तक उघडलं.

"अहो, खाली काय बसलात? उठवायला मला दोन माणसं बोलवावी लागतील."

"शिव तू."

धाकटी शिवू लागली. मशीन खडखडलं. पाठीतून, हातातून, पानातून थरथर गेली, ओळी एकमेकींत मिसळल्या. हिनं अशा मशीनवर पंधरा वर्षं काढली. थोरली वाचत नव्हती, नुसतं पान धरून बसली होती.

मशीन थांबलं. "हलतंय ना फार?"

"हलतंय."

"मग? आईंच्या मशीनपाशी बसा की. ते बंद आहे."

थोरलीनं पिशवी ओढून घेतली आणि घडी काढली. समोर दोन मशीनं होती. एकाखाली फरशीवर घडीचा काळा चौकोन उमटलेला, रिकामा. तिथं ती अगदी बरोब्बर बसली असती. थोरली बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिली. द्यावंसं वाटत नव्हतं. मनापासून वाटत नव्हतं.

मग ती वळली, आणि धाकटीच्या टेबलाला खांदा लावला.

"पाय उचल," ती म्हणाली.

"आता कशाला," धाकटी म्हणाली. "आता सवय झाली." आणि तिनं पाय उचलले.